काळा कोनाडा आणि बोअरचं पाणी

रावेत, पुनावळे, ताथवडे, मोशी या भागांत नवं घर शोधत फिरणारी कुटुंबं सॅम्पल फ्लॅटमध्ये पूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी रेंगाळायची. आता तितकाच वेळ बाथरूमच्या दारात जातो. शॉवरच्या भिंतीत खोल बसवलेला काळा कोनाडा, आत दडवलेल्या दिव्याचा पिवळसर उजेड आणि एका रांगेत मांडलेल्या तीन बाटल्या. लोंबकळणारी तारेची जाळी नाही, नळाच्या डोक्यावर तोलून ठेवलेला साबण नाही. इंटिरियरवाले त्याला ‘निश’ म्हणतात आणि कोटेशनमध्ये एक ओळ वाढवतात. फ्लॅटचा ताबा मिळाला, की फोनमधला तो फोटो मिस्त्रीसमोर धरला जातो आणि ‘अगदी असंच करून द्या’ असं सांगितलं जातं.

मागणी रास्त आहे. चार फूट बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये भिंतीबाहेर आलेलं प्रत्येक शेल्फ कधी ना कधी कोपराला किंवा कपाळाला लागतं. भिंतीच्या पोटातली जागा वापरली तर पायाखालची एक इंचही जात नाही. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा निर्णय रंगापासून सुरू केला, की पुढे निस्तरत बसावं लागतं. आधी भिंत कशाची आहे ते बघायचं, मग नळाला पाणी कुठलं येतं ते विचारायचं आणि ही दोन्ही उत्तरं हातात आल्यावरच काळं काय घ्यायचं ते ठरवायचं. हा क्रम पाळला तर कोनाडा वर्षानुवर्षं निमूट काम करतो. क्रम उलटला तर सहा महिन्यांत काळ्यावर पांढरे ओघळ दिसतात आणि वर्षभरात भिंतीपलीकडच्या वॉर्डरोबला कुबट वास येतो.

चिंचवडगावातल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. दगड, वीट आणि मातीच्या त्या भिंती दीड-दोन फूट जाड असायच्या. त्यात वीतभर खोल कोनाडा काढला तरी मागे फूटभर भिंत उरायची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६०च्या दशकात चिंचवड-भोसरीत एमआयडीसी आली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि कामगारांची, अधिकाऱ्यांची वसाहत वाढत गेली. निगडी-आकुर्डीच्या प्राधिकरणातल्या जुन्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये नऊ इंची विटांची भिंत होती. तिथल्या काही बाथरूममध्ये पांढऱ्या चिनी मातीची, सहा इंच बाय सहा इंचांची, भिंतीत चिणलेली साबणदाणी अजूनही सापडते. आजच्या काळ्या कोनाड्याची हीच सख्खी थोरली बहीण. तिचा तळ पुढे किंचित उतरता असे, कोपरे गोल असत आणि मागे पाच-सहा इंच वीट शिल्लक असे. ती करणाऱ्यांना ज्या तीन गोष्टी ठाऊक होत्या, त्याच आज सर्वांत जास्त विसरल्या जातात.

भिंत ओळखायला स्थापत्य अभियंता लागत नाही. सहा मिलिमीटरचं ड्रिल बिट आणि हातावर पडणारी पूड पुरते. ज्या जागी कोनाडा करायचा, तिथल्या टाइलमध्ये एक छिद्र मारायचं. प्लास्टर संपल्यावर लाल पूड पडू लागली तर वीट. ड्रिलचा हॅमर न लावताही बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं आणि पांढुरकी, हलकी पूड आली तर एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. पूड करडी आणि बारीक, बिट किंचाळतंय, पुढे सरकत नाही, क्वचित ठिणगी उडते, तर समोर काँक्रीट आहे, आणि तिथेच थांबायचं.

थांबायचं, कारण या पट्ट्यातल्या अनेक नव्या उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या आहेत. साइटवर त्याला सगळे ‘मिवान’ म्हणतात. या पद्धतीत खांब आणि तुळया उभ्या करून मध्ये भिंत रचत नाहीत. भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटने भरतात आणि इमारतीचं वजन त्या भिंतीच पेलतात. बाथरूमची भिंत फक्त चार-सहा इंच जाड दिसते म्हणून ती पडद्याची भिंत समजायची चूक इथे महाग पडते. कोनाड्यासाठी ती कोरली, तर आतली सळई कापली जाते. आपल्याच नव्हे, वरच्या वीस मजल्यांच्या घरांखालची सळई. भारतीय मानक संस्थेच्या २०१६च्या नकाशात पुणे परिसर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला झालेल्या भूकंपाचे हादरे पुण्यापर्यंत जाणवले होते. त्यामुळे हा धोका कागदावरचा म्हणून सोडून देता येत नाही.

त्यात पैशाचाही मुद्दा आहे. २०१६च्या रेरा कायद्यातल्या कलम १४(३)नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तीस दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा असतो. पण घरमालकाने स्वतः भिंत फोडली असेल, तर त्याच भिंतीतल्या गळतीबद्दल वाद घालताना त्याची बाजू लंगडी पडते. सोसायटीला लेखी कळवून, इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगची प्रत बघून मगच हात घालावा. ड्रॉइंग मागितलं की मिळतंच असं नाही, पण मागायलाच हवं. बुकिंग इमारत उभी राहण्याआधी झालं असेल तर आणखी सोपं: साचा लावतानाच तिथे खोका बसवून पोकळी सोडता येते आणि भोवतीची सळई आरेखनकार आधीच वळवून घेतो. त्यासाठी विकासकाने तयार असायला हवं, पण एकाच मजल्यावरच्या चौघांनी मिळून विचारलं तर ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

वीट किंवा ब्लॉक निघाला तरी हिशेब करावाच लागतो. बाथरूम आणि बेडरूम यांच्यामधली भिंत बहुतेकदा चार इंची, म्हणजे शंभर मिलिमीटरचा ब्लॉक. त्यावर दोन्ही बाजूंनी बारा-पंधरा मिलिमीटर प्लास्टर आणि बाथरूमच्या बाजूला मसाला आणि टाइल. एक लिटरची पंप असलेली शाम्पूची बाटली उभी राहायला साधारण नऊ-दहा सेंटिमीटर खोली लागते. म्हणजे ब्लॉक जवळजवळ आरपार जातो आणि बाटलीच्या मागे उरतं ते फक्त बेडरूमकडचं प्लास्टर. मग त्याला चिकटून बसवलेल्या वॉर्डरोबचा मागचा प्लाय ओल धरतो. आधी कपड्यांना वास येतो, मग प्लायच्या खालच्या कडेला काळे ठिपके उमटतात, आणि घरची मंडळी डांबराच्या गोळ्या बदलत राहतात. कारण पलीकडच्या शाम्पूच्या बाटलीत आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

बाहेरच्या भिंतीत कोनाडा काढण्याचा मोह त्याहून वाईट. ती सहा किंवा आठ इंची असते म्हणून मिस्त्री खुशीने तयार होतो. पण जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस तीच भिंत अंगावर घेत असते, आणि एएसी ब्लॉक सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो. आतून शॉवर, बाहेरून पाऊस आणि मध्ये उरलेली दोन-तीन इंच भिंत हे गणित जुळत नाही.

मग करायचं काय? ज्यांच्या घरात मिवानची भिंत आहे आणि ज्यांच्या घरात चार इंची ब्लॉक आहे, त्या दोघांसाठी सर्वांत चांगलं उत्तर एकच आहे, आणि सॅम्पल फ्लॅटमधल्या फोटोत ते सहसा दिसत नाही. मूळ भिंतीला हात न लावता तिच्या पुढ्यात चार इंची ब्लॉकची एक नवी भिंत उभी करायची, छातीपर्यंत किंवा थेट छतापर्यंत. नळाच्या पाइपलाइन तिच्या आत जातात, कोनाडाही तिच्यातच राहतो, आणि मागची मूळ भिंत अखंड, वॉटरप्रूफिंगसकट शाबूत. छातीइतकी उंच ठेवली तर तिच्या माथ्यावर काळ्या दगडाची लांब फळी मिळते, आणि अनेकांच्या लक्षात येतं की ती फळी मिळाल्यावर कोनाड्याची गरजच उरत नाही. याची किंमत म्हणजे पाच-सहा इंच जागा. सात फूट लांबीच्या बाथरूममध्ये ती आखूड बाजूने घेतली तर खुपत नाही. एका गोष्टीची खातरजमा मात्र आधी करावी: ही भिंत बाथरूमच्या खाली बसवलेल्या, कोबा भरलेल्या स्लॅबवर येणार असते, म्हणून तिचं वजन हलकं हवं. इथे विटेपेक्षा एएसी ब्लॉक बरा.

भिंतीचा प्रश्न सुटला, की पाण्याचा.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं. मावळातल्या पावसाचं हे पाणी तसं मृदू. साबणाला फेस येतो, भांड्यांवर डाग पडत नाहीत. पण शहर पाण्यापेक्षा वेगाने वाढलं. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पुरवठा सुरू केला आणि पुढे वर्षानुवर्षं तोच चालू राहिला. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या केंद्रात आणण्याची योजना त्यानंतर आली. तरीही वाकड, ताथवडे, पुनावळे, मोशी, चऱ्होली इथल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर तग धरून आहेत. महापालिकेचं पाणी प्यायला आणि बोअरचं वापरायला अशी दुहेरी पाइपलाइन अनेक इमारतींत आहे, आणि शॉवरला बहुधा दुसरंच जोडलेलं असतं.

बोअरचं पाणी इथल्या काळ्या पाषाणातून, बेसॉल्टच्या भेगांतून आणि कुजलेल्या मुरमातून झिरपत येतं. येताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आता समजा पाण्याचा कठीणपणा ४०० आहे. तीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल अशा कोनाड्याचा तळ अगदी सपाट असेल, तर एका आंघोळीनंतर त्यावर मिलिमीटरभर पाणी साचतं. म्हणजे तीस मिलिलिटर. ते तिथेच वाळलं तर बारा मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. चौघांचं कुटुंब धरलं तर दिवसाला अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम, वर्षाला सतरा ग्रॅमच्या वर. तीन-चार चहाचे चमचे खडू त्या एवढ्याशा तळावर पसरल्यावर काय दिसेल, त्याची कल्पना करावी. शिवाय साबणातली मेदाम्लं कॅल्शियमशी संयोग पावून जो चिकट, न विरघळणारा साका तयार होतो, तो वेगळाच.

हा क्षार पांढरा असतो. पांढऱ्या टाइलवर तो लपतो, काळ्यावर उठून दिसतो. उलट बुरशी काळी असते, ती पांढऱ्या कोनाड्यात दिसते आणि काळ्यात लपते. म्हणजे काळा रंग डाग लपवतो, ही दुकानातली समजूत बोअरचं पाणी असलेल्या घरात पूर्ण उलटी ठरते. आणि जे खरोखर लपतं, ते आरोग्याच्या दृष्टीने लपायला नको. नळाला फक्त पवनेचं पाणी असेल, सोसायटीत सॉफ्टनर नीट चालत असेल, तर गुळगुळीत, चकचकीत काळा कोनाडा जरूर करावा. शोभून दिसतो. पण बोअर किंवा टँकर असेल तर निखळ काळ्यापासून दोन पायऱ्या मागे यावं: कोळशासारखा करडा, शिसवी तपकिरी, स्लेटच्या दगडासारखी अंगभूत छटा असलेला. भिंत फिकट आणि कोनाडा गडद हा जो डोळ्यांना सुखावणारा विरोध आहे, तो करड्यातही पुरेसा साधतो, आणि क्षाराचा पातळ थर त्यात मिसळून जातो. पाणी कोणतं आहे ते कळत नसेल, तर गिझर दुरुस्तीवाल्याला विचारावं. इमारतीतल्या कॉइलवर किती जाड थर चढतो, ते त्याने हाताने खरवडलेलं असतं.

काळं म्हणून बाजारात जे मिळतं, त्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिचित कडप्पा. स्वयंपाकघराच्या मांडणीपासून देवघरापर्यंत महाराष्ट्रातल्या घराघरांत तो आहे, आणि मिस्त्री कोनाड्याच्या तळालाही तोच सुचवतो. आंध्रातल्या कडप्पा परिसराचा हा दगड म्हणजे चुनखडक. बोअरच्या क्षाराशी त्याचं रासायनिक नातं इतकं जवळचं, की क्षार काढायला जे आम्ल वापरावं, ते दगडही खातं. लिंबाचा रस सांडला तरी पॉलिश उडून पांढुरका चट्टा पडतो. पोकळीच्या वरून आधाराची पट्टी म्हणून, टाइलच्या आड, कडप्पा उत्तम. उघड्यावर, शॉवरखाली, नको.

काळा ग्रॅनाइट वेगळा. आंध्रातल्या चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा भूशास्त्राच्या हिशेबाने गॅब्रो जातीचा खडक आहे, म्हणजे शहराच्या बुडाशी असलेल्या बेसॉल्टचाच खोल जमिनीत सावकाश थंड झालेला भाऊबंद. सौम्य आम्लाला तो दाद देत नाही, पाणी फारसं पीत नाही. ओट्याचं काम करणाऱ्या कुठल्याही दगडवाल्याकडे फूट-दीड फुटांचे उरलेले तुकडे पडलेले असतात आणि कोनाड्याला तेवढेच लागतात. कडेला हलकी गोलाई मारून घेतली, की तळाचा प्रश्न मिटला. मागच्या आणि बाजूच्या भिंतींना मोरबीची गडद व्हिट्रिफाइड टाइल लावावी. सहाशे बाय बाराशे मिलिमीटरच्या टाइलमधून मागची बाजू एकसंध कापून निघते, सांधाच राहत नाही. जिथे सांधे राहतील तिथे सिमेंटचं काळं ग्राउट भरू नये. क्षार फुलून ते राखाडी होतं. इपॉक्सी ग्राउट महाग असलं तरी एवढ्याशा जागेला एक डबा पुरतो.

तयार स्टीलच्या काळ्या कोनाड्याची मात्र या पट्ट्यातली गोष्टच निराळी, कारण तो ज्या तंत्रांनी बनतो ती सगळी इथे दाराशी आहेत. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या शेडमध्ये लेझरने पत्रा कापणं, प्रेस ब्रेकवर वाकवणं, टिग वेल्डिंग, पावडर कोटिंग हे रोजचं काम. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने चाकण परिसरात आले आणि त्यांच्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची रांग लागली. काळा रंग लोखंडावर कसा टिकवायचा, हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय आहे.

काळेपणा येतो चार वाटांनी. साधा फवारलेला रंग, तो नखाने निघतो. पावडर कोटिंग: विद्युतभारित पूड पत्र्यावर चिकटवून १८०-२०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवायची, थर साठ ते ऐंशी मायक्रॉन, साधारण माणसाच्या केसाइतका. तिसरी वाट सीईडीची: वाहनांच्या सांगाड्यासारखा भाग रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या दाबाने पंधरा-पंचवीस मायक्रॉनचा थर सांधीकोपऱ्यांत पोहोचवायचा. चौथी पीव्हीडी. निर्वात कक्षात टायटॅनियमसारख्या धातूची वाफ करून ती पृष्ठभागावर बसवतात. शोभेच्या वस्तूंवर हा थर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी असतो. मशीन शॉपमधला कामगार हा थर रोज हाताळतो. त्याच्या ड्रिल बिटवरचा सोनेरी किंवा जांभळट-काळा मुलामा याच कुळातला, फक्त जाड. पीव्हीडी कठीण असते, ओरखड्यांना पुरून उरते, पण इतकी पातळ असते की खालचं स्टील कसं आहे यावर तिचं आयुष्य ठरतं.

म्हणून खरा प्रश्न खालच्या पत्र्याचा. ३०४ स्टीलमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. त्याच्या जागी निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेलं २०० मालिकेतलं स्टील खपवलं जातं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणून ३०४ असं सांगतो. ही चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास सारखंच झिडकारतात. ओळखायचं तर मँगनीज दाखवणाऱ्या द्रावणाचा एक थेंब मागच्या, कोटिंग नसलेल्या भागावर टाकून रंग कसा पालटतो ते बघावं. ती छोटी बाटली पत्रा विकणाऱ्यांकडे असते. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घेणं शहाणपणाचं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्याला दुकानात विचारायचा आणखी एक प्रश्न सहज सुचेल: सॉल्ट स्प्रे किती तास? पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंशांच्या बंद पेटीत, सतत धुक्यासारखं. त्यात नमुना किती तास डाग न पडता टिकतो, ते बघतात. गाडीच्या बोल्टला ही परीक्षा द्यावी लागते, तर बाथरूमच्या भिंतीत कायमच्या चिणल्या जाणाऱ्या खोक्यानेही ती द्यायला हरकत नाही. विक्रेत्याकडे तासांचा आकडा नसेल तर वॉरंटीची भाषा फार मनावर घेऊ नये.

स्वतः बनवून घ्यायचं असेल तर सव्वा किंवा दीड मिलिमीटरचा ३०४ पत्रा, आतले कोपरे गोल वाकवलेले, पुढे चारही बाजूंनी टाइलवर बसणारी बोटभर पट्टी. वेल्डिंगनंतर पडलेली निळसर-तपकिरी झळ पिकलिंगने साफ करूनच कोटिंग करावं, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. एक नग करायला वर्कशॉपवाला सहसा राजी होत नाही, कारण यंत्र लावण्यातच वेळ जातो. एका विंगमधल्या दहा-बारा घरांनी एकच माप ठरवलं, तर तोच खूश होऊन करतो.

वॉटरप्रूफिंगवर फार लिहिण्याची गरज वाटू नये, पण वाटते. कारण गळतीची सुरुवात इथे होते. पोकळी प्लास्टर करून, गुण्या आणि ओळंबा लावून चौकोनी केली, की कोपऱ्यांत मसाल्याची छोटी गोलाई घोटून घ्यायची. सुकल्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा पहिला हात, तो ओला असतानाच पाचही पृष्ठभागांच्या सांध्यांवर फायबरच्या जाळीची पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या आडव्या दिशेने दुसरा हात. हा थर कोनाड्याच्या तोंडाशी संपवायचा नाही. बाहेरच्या भिंतीवर वितभर पसरवायचा. जमिनीवर पाणी तुंबवून केलेल्या चाचणीत कोनाडा तपासला जात नाही, कारण पाणी तिथवर चढतच नाही. टाइल लावण्याआधी तासभर पाइपची धार थेट कोनाड्यावर सोडावी आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भिंतीला हात लावून बघावं. तळाला दहा सेंटिमीटरमागे दोन-तीन मिलिमीटरचा ढाळ पुढच्या बाजूला द्यावा. ज्या सतरा ग्रॅम खडूचा हिशेब वर केला, त्यातला बहुतेक भाग एवढ्याशा ढाळाने वाहून जातो.

उंचीबद्दल इंटिरियरची पुस्तकं शॉवरखाली उभ्या माणसाचा विचार करतात आणि जमिनीपासून साडेतीन-चार फूट सांगतात. पण दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात कितीतरी घरं आजही बादली-तांब्यानेच आंघोळ करतात. आजी-आजोबा तर स्टुलावर किंवा पाटावर बसूनच. चार फुटांवरचा साबण घ्यायला ओल्या फरशीवर दर वेळी उठणं म्हणजे पडण्याला निमंत्रण. म्हणून शक्य असेल तर कोनाडे दोन असावेत: उभ्यासाठी एक, आणि जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, नळाच्या शेजारी, दुसरा लहान. खालच्यात साबण, वज्री आणि तांब्या मावला म्हणजे झालं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा साबण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनाही दिसतो, ही गडद कोनाड्याची खरी जमेची बाजू, पण काळ्या बाटलीतला शाम्पू तिथे हरवतो. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेलकट बोटं आणि उटणं यांचे ठसे मॅट काळ्यावर हमखास उमटतात; खडबडीत मॅटपेक्षा सॅटिन पोत बरा, तो पुसता येतो.

दिवा लावायचाच तर १२ किंवा २४ व्होल्टची, आयपी६७ दर्जाची पट्टी घ्यावी, तिचा ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर बसवावा आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असावा. गडद पृष्ठभाग उजेड गिळतो, त्यामुळे दिवा मागच्या कडेला नव्हे, पुढच्या कडेच्या आतून, खाली तोंड करून.

साफसफाईसाठी लिंबूसत्त्व पुरतं. कपभर कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून कापडाने लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. दारावर विकायला येणारं ॲसिड आणि कमोडसाठीचं क्लीनर यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते स्टीलला आणि इतर धातूंना खड्डे पाडतं, कोटिंगच्या कडेखाली शिरतं. कामाला येणाऱ्या मावशींना ही बाटली कुठे वापरायची नाही ते दाखवून ठेवावं.

हे सगळं स्वतःच्या मालकीच्या भिंतीचं झालं. चाकणच्या भोवती म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत कारखान्यांतले हजारो कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात, एका न्हाणीत तिघे-चौघे. त्यांना भिंत कोरता येत नाही आणि साबण तर प्रत्येकाचा वेगळा. पण या खोल्या बांधणारे घरमालक इथलेच आहेत आणि अजूनही बांधतायत. वीटकाम चालू असतानाच गवंड्याला सांगून दोन विटांएवढी पोकळी सोडली, वर कडप्प्याची पट्टी टाकली, आत सिमेंट घोटून गडद टाइलचे तुकडे बसवले, तर नंतर फोडण्याचा खर्च शून्य आणि साहित्य जवळपास सगळं उरल्यासुरल्यातलं. नऊ इंची भिंत असेल तर एका ओळीत चार छोटे कप्पे निघतात, सहा-सहा इंचांचे, प्राधिकरणातल्या त्या जुन्या साबणदाणीच्याच मापाचे. तळाला ढाळ द्यायचा, आणि कप्प्यांच्या मधली वीट काढायची नाही. वरच्या पट्टीला आधार तिचाच असतो.